तळ्यात इख कालवल्याची फिर्याद

त्या तळ्याचा हिरवा रंग अजून माझ्या डोळ्याम्होरून हटला न्हाई. नोकरी सरून इतकी वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, काय काय पाह्यलं. नावं इसरले, चेहरे इसरले. पण भादव्यातला तो दिवस अन् चावडीच्या ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलेली ती बाई, हे काही जात न्हाई. नाव कुणाचंच सांगत न्हाई. गावाचंबी न्हाई.

मी सातवी शिकलेली. घरधनी पोलिसात शिपाई व्हते, तापात गेले. वरच्या साहेबानं त्यांच्या जागी मला घेतलं. लेक तवा तीन वर्षांची. पोलीस लाईनीत तिला कोण सांभाळणार? मायपाशी ठिवली अन् जालन्याला ड्युटीवर आले. तवा जालना जिल्हा न्हवता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका व्हता. ठाण्यात आम्ही बाया दोघीच. सकाळी हजेरी द्यायची, बाई आरोपी आली तर तिची झडती घ्यायची, तिच्यापाशी बसायचं. बाकी येळ बाकड्यावर. पुरुष शिपाई हसायचे. एक म्हणायचा, "अक्का, बंदूक उचलंल का, का लाटणं आणू?" मी म्हणायचे, "लाटणंच आण, तुला तेवढं पुरंल."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाल्ती. सकाळची हजेरी चालू व्हती अन् एका गावचा कोतवाल पोलीस पाटलाची चिठ्ठी घेऊन आला. फौजदार साहेबानं ती मोठ्यानं वाचली. गावच्या तळ्यात कुणीतरी इख कालवलं. सहा जनावरं मेली, लेकरांना वांत्या-जुलाब सुरू हायेत. संशयित बाई चावडीत बसवून ठिवली हाय. साहेबानं माझ्याकडं पाह्यलं. "बाई हाय म्हणतात. चला तुम्हीबी."

साहेब, एक हवालदार अन् मी. एसटीनं फाट्यावर उतरलो, म्होरं कोसभर पायी. चालता चालता साहेब बोलले, "तुमचं माहेर याच बाजूला ना?" मी हात करून दाखवलं. "त्या टेकडीच्या पल्याड, चार कोस." त्या दिवशी जिथं जिथं उभी राह्यले, तिथून ती टेकडी दिसत व्हती.

गावात शिरलो तर बौद्धवाड्यापाशी एक नळ दिसला. तोटीत चिंधी कोंबलेली अन् वरून सुतळीनं करकचून बांधलेली. मी कोतवालाला इचारलं, "हे काय?"

"त्या बाईच्या घराकडचा नळ हाय तो. लोकांनी बंद केला."

मंग त्यानंच सगळं सांगितलं. तळं दुष्काळी कामावर बांधलेलं. तळ्याच्या पाळूखाली, म्हंजी मातीच्या बांधाखाली, हीर, हिरीवर इंजन, अन् तिथून नळ्यांनी पाणी गावात. आधी नळ एकच, गावात. बौद्धवाड्यासाठी दुसरा नळ त्याच उन्हाळ्यात बसला, तोबी लई भांडणानं. भांडायला म्होरं कोण, तर हीच बाई. तवा जनावरं मरायला लागल्यावर बोट कुणाकडं जाणार, ते ठरल्यासारखंच व्हतं.

फिर्यादी मोठा शेतकरी. चांगली जमीन तळ्याच्या वरच्या अंगाला. मेलेल्या सहा जनावरांत त्याची बैलजोडी व्हती. पंचनाम्याला गेलो तर दोन्ही बैल पाळूजवळ पडलेले. पोळा होऊन आठ-दहा दिवसच झालेले, शिंगावरचा लाल रंग अजून तसाच. तो माणूस बैलाच्या मानेवर हात ठिवून उभा व्हता. मला राग आला न्हाई त्याचा. खोटं बोलणाऱ्याचा हात असा निवांत राहत न्हाई, लई दाबून धरतो. त्याला खरंच वाटत व्हतं.

त्यानं फिर्याद दिली ती अशी. पोळ्याच्या मागून, दिवस उगवायच्या येळी, ही बाई तळ्यात एक पांढरी गोणी धुताना त्यानं सोता पाह्यली. त्याच्यानंतर चार दिवसांनी पाणी हिरवं व्हायला लागलं अन् जनावरं पडायला लागली. हवालदारानं बाईच्या घरातून गोणी आणली. धुऊन लख्ख केलेली, एका कोपऱ्यातून शिवलेली. मुद्देमाल म्हणून तिला लाख लावली, पंचांचे अंगठे घेतले. जनावराच्या आतड्याचे तुकडे बरणीत घालून तपासणीला पाठवायचे म्हणून बांधले.

मंग चावडीत जबाब. बाई माझ्याच वयाची, हाडकुळी. साहेब इचारत व्हते.

"गोणी तुझी?"

"व्हय."

"तळ्यात धुतली?"

"व्हय."

"काहून?"

"खोळ करायची व्हती. पावसात डोक्यावर घ्यायला."

"गोणीत काय व्हतं?"

गप.

"कुणी दिली?"

गप.

हवालदार म्हणला, "आता मुकी झाली का? नळासाठी भांडताना तर लई तोंड व्हतं म्हणतात."

तवा तिनं मान वर केली. आवाज चढवला न्हाई. "साहेब, दुष्काळात त्या पाळूची माती मी डोक्यावर वाहिली. पोटात लेकरू व्हतं, तरी वाहिली. त्या पाण्यात मी इख काहून कालवीन?"

साहेबानं ते लिहून घेतलं. माणूस वाईट न्हवता तो. पण त्याच्याम्होरं सहा मढी व्हती अन् एक गोणी व्हती, अन् कागदाला नाव लागत व्हतं. म्हणले, "चारच्या गाडीनं हिला ठाण्यात न्यायचं. अटक तिथं दाखवू." अन् पोलीस पाटलाकडं जेवायला गेले.

मला कळत व्हतं, एकदा ही बाई गाडीत बसली की म्होरं ती सुटली काय अन् न्हाई काय, तो नळ काही परत सुरू व्हत न्हाई. तिलाबी तेच कळत व्हतं. मला म्हणली, "बाई, मला न्या. पण ती सुतळी सोडायला लावा. लेकरं ओढ्याचं पाणी पिऊन राह्यलीत."

मी तिला म्हणले, बस, तोंड धुवायला पाणी आणते. लोटा घेऊन तळ्यावर गेले. जनावरं जिथं पाणी पितात त्या कोपऱ्यात गेले अन् थांबलेच. पाणी न्हवतंच ते. घोटलेल्या मेंदीसारखी साय, निळसर हिरवी, काठाला बोटभर जाड. वास असा, जसं चिखलात काही कुजलंय. वाकले तर पलीकडून कुणी हाक मारली.

"ओ पोलीसबाई, तिथं भरू नका. मरायचंय का? इकडं या, वारं येतं त्या बाजूला."

एक म्हातारा धनगर व्हता, मेंढरं घेऊन बसलेला. मी वळसा घालून गेले. तिथं पाणी गढूळ, पण साय न्हाई.

मी म्हणले, "बाबा, तुमचं एकबी मेंढरू मेलं न्हाई?"

"न्हाई. माझी मेंढरं माझ्यापेक्षा शहाणी हायेत."

"मस्करी करू नका. इख कालवलं म्हणतात."

"इख?" तो हसला. "इख असतं तर मासळी आधी उलटी पडली असती. ते बगळे पाहा. सकाळपासून खाऊन राह्यलेत, एकाचंबी पोट दुखलं न्हाई. अन् इख काय एकाच कोपऱ्यात बसून राहतं का? वारं मावळतीकडून येतं, ती घाण ढकलत उगवतीच्या कोपऱ्यात नेतं. गावची गुरं तिथंच पितात. जवळ पडतं ना."

"मंग ती घाण आली कुठून?"

त्यानं काठी वर केली. ओढा जिथून तळ्यात पडतो तिकडं. "आधी त्या तोंडाला हिरवं झालं. मंग सगळीकडं. एवढंच मी पाह्यलं. कागदावर अंगठा देणार न्हाई बरं का, माझ्या मेंढरांना याच गावात चरायचंय."

मी लोटाभर पाणी भरून आणलं, तिला तोंड धुवायला दिलं. अन् तिच्याजवळ बसले. पोलिसात एक गोष्ट मी लवकर शिकले. गप माणूस सोतासाठी क्वचितच गप राहतो. बहुतेक येळा कुणाला तरी झाकून असतो. मी हळूच इचारलं, "गोणी तू एकटीनंच धुतली का?"

तिनं माझ्याकडं पाह्यलं अन् डोळ्यात पाणी आलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"आम्ही पाच जणी व्हतो. नाव घेतलं की त्या चौघीबी इथं येऊन बसतील. लेकराबाळाच्या हायेत."

"नाव सांगू नको. गोणी कुणाची, एवढं सांग."

"ज्यानं फिर्याद दिली, त्याचीच. खत व्हतं त्याच्यात. खत टाकायला आम्ही रोजानं गेल्तो. रिकाम्या गोण्या मालकानंच दिल्या. खोळ करा म्हणला."

"मंग रोजाला आलेली ती तूच, हे त्यानं वळखलं न्हाई? गोणी वळखली न्हाई?"

"गोणी सगळ्यांच्या सारख्याच असतात, बाई. अन् नळाच्या भांडणामुळं मला तर वळखायला पाहिजे व्हतं. पण रानात आम्हाला कोण तोंडानं वळखतं? रोजाला पाच बाया, एवढंच."

"सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं तर उद्या काम कोण देईल?"

मी पोलीस पाटलाकडं गेले. साहेब हात धूत व्हते. मी सगळं सांगितलं, वारं, बगळे, ओढा, गोणी. धनगराचं नाव न्हाई सांगितलं. साहेब म्हणले, "तपास तुम्ही करता का मी?" त्यांनी घड्याळ पाह्यलं. "गाडीला दोन तास हायेत. हवालदाराला न्या. त्या बाईलाबी न्या. बराबर दोन तासात परत."

आम्ही तिघं ओढ्यानं वर गेलो. ओढ्याच्या काठाला पूर्वी गवताचा पट्टा व्हता म्हणे, मेंढरं तिथंच चरायची. आता नांगर पाण्यापर्यंत गेल्ता. रान उताराचं अन् तासं उभी, वरून खाली. फिर्यादीच्या रानात पाय ठिवला अन् मला कळलं. मी शेतात राबलेली हाय, मला दुसरं काय समजतं? वरच्या अंगाची जवारी पिवळी, हातभर. अन् ज्या घळीनं पावसाचं पाणी खाली गेल्तं, त्या घळीच्या दोन्ही अंगाला जवारी माणसाच्या वर, काळीभोर. वरच्या बांधाला जागोजाग जमीन भाजल्यासारखी, गवताची काडी न्हाई.

ती बाई म्हणली, "इथं गोण्या फोडल्या."

तवर फिर्यादी मागून आला. "माझ्या रानात कशाला आणली हिला?"

हवालदार म्हणला, "तुमच्याच बैलाचा तपास हाय." मंग मलाच म्हणला, "इचारा अक्का, तुम्हाला कळतं यातलं."

मी इचारलं, "खत कवा टाकलं?"

"एकदा रोहिणीच्या आधी, एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी."

"कसं टाकलं?"

"कसं म्हणजे? शेणखत टाकतो तसं. बापजाद्यापासून टाकतो तसं. आधी रानावर पसरून ठिवायचं, पाऊस आला की मुरतं."

"किती?"

"लोक दोन टाकतात तिथं मी पाच गोण्या टाकल्या. शेणखताच्या गाड्या किती लागायच्या, त्या हिशेबानं हे काय, मूठभर."

"अन् पोळ्याच्या दिवशी पाऊस?"

पोळ्याच्या दिवशी तिथं ढगफुटीसारखा पाऊस झाल्ता, अख्ख्या तालुक्याला माहीत व्हतं. बैल मिरवता आले न्हवते. त्यानं घळीकडं पाह्यलं. काळ्याभोर जवारीच्या रांगेकडं पाह्यलं, ती रांग सरळ ओढ्यात उतरत व्हती. ओढा तळ्यात. मंग तो बांधावर बसला. म्हणला, "शेणखत कधी वाहून जात न्हाई हो बाई."

मी वाट पाह्यली, ती बाई त्याला काही बोलंल म्हणून. तिनं नुसता पदर डोक्यावर ओढला अन् माझ्या मागं चालायला लागली. वाटेत मला म्हणली, "लेकरू हाय का तुम्हाला?"

"हाय. त्या टेकडीच्या पल्याड, मायपाशी."

"मंग जात काहून न्हाई?"

"ड्युटी हाय."

"कितीक दिवस झाले?"

मी मनातच मोजलं. पोळा गेल्ता, त्याच्या आधी नागपंचमी गेल्ती, त्याच्याबी आधीचं व्हतं.

चारच्या गाडीनं ती बाई गेली न्हाई. साहेबानं सगळं ऐकलं, सोता तळ्यावर जाऊन बगळे पाह्यले, अन् कोतवालाला म्हणले, "आधी ती चिंधी काढ." रातच्याला आम्ही गावातच राह्यलो. पण दुसऱ्या दिवशी तालुक्याहून शेतकी खात्याचा माणूस आला अन् त्यानं दोन्ही नळ बंद करायला लावले. म्हणला, हे शेवाळ हाय, खताच्या पाण्यावर माजलं. यातलं काही शेवाळ इखारी असतं, पाणी उकळूनबी त्याचं इख जात न्हाई. साय आपोआप बसंस्तोवर हे पाणी माणसालाबी नको, जनावरालाबी नको. गावानं गावातल्या जुन्या हिरीचं पाणी काढलं, लेकरांच्या वांत्या थांबल्या, गुरांच्या कोपऱ्याला काट्या लावल्या.

मंग त्यानं चावडीत सगळ्यांना बसवून सांगितलं. खत पेरणीच्या आधी रानावर पसरायचं न्हाई. पीक उगवल्यावर थोडं थोडं द्यायचं, दोन-तीन येळा, जवारीच्या ताटाच्या बुडाला मातीत, अन् वरून झाकायचं. आभाळ भरलं असताना बिलकुल न्हाई. तासं उताराला आडवी घ्यायची. ओढ्याच्या काठाला अन् तळ्याच्या भोवती गवताचा पट्टा सोडायचा, तिथं नांगर घालायचा न्हाई. गोण्या तळ्यात धुवायच्या न्हाईत. ते ऐकून मागं बसलेली एक म्हातारी म्हणली, "गवत सोडा म्हणतो. गवत काढायला तर आमची जिंदगी गेली." लोक हसले. फिर्यादी हसला न्हाई. सगळ्यात आधी ओढ्याचा काठ त्यानंच सोडला, हे मी नंतर पाह्यलं.

तपासणीचा कागद बऱ्याच दिवसांनी आला. आतड्यात फवारणीचं इख निघालं न्हाई. गुन्हा घडलाच न्हाई, असा अहवाल साहेबानं कोर्टात पाठवला अन् स्टेशन डायरीत नोंद केली. आमच्या लेखी काम संपलं.

त्या दिवशी शेतकी खात्याचा माणूस गेल्यावर साहेब मला म्हणले, "चार कोस ना? जा. परवा सकाळी हजेरीला पाहिजे." मी दिवसाउजेडी पोचले. लेक अंगणात खेळत व्हती. वर्दीची साडी पाहून मायच्या मागं लपली. माय म्हणली, "अगं, आई हाय तुझी." ती पदराआडून पाहत राह्यली. मी ओट्यावर बसले अन् जवळ बोलावलं न्हाई. बोलावलं असतं अन् ती आली नसती तर मला सोसलं नसतं. जेवायच्या येळी ती सोताच येऊन माझ्या पितळी बिल्ल्याला बोट लावून गेली. तेवढ्यावर मी पुढचे कितीक महिने काढले.

वर्षानं एका जबाबासाठी त्याच रस्त्यानं गेले तर वाट वाकडी करून गावात गेले. तळ्याभोवती गुडघाभर गवत, पाणी साफ. बौद्धवाड्याचा नळ चालू व्हता. ती बाई दारातच व्हती. तिनं मला वळखलं, पण पाणी देताना थांबली. "चालंल का, बाई?"

मी म्हणले, "आण." गटागट पेले.

मी म्हणले, "आता बरं चाललंय ना? कागदावर तुझं नाव साफ झालं."

"कागदावर झालं," ती म्हणली. "मागल्या महिन्यात एकाची म्हैस आजारी पडली. कुणी काही बोललं न्हाई. पण येता जाता माझ्या दाराकडं पाह्यलं. तळ्यावर मी जात न्हाई आता. पाळूवरबी न्हाई."

तिनं वाहिलेल्या मातीवर ती पाय ठिवत न्हवती.

त्या गुन्ह्यानं मला काय शिकवलं, तर एवढंच. पोलिसात पहिला सवाल असतो, कुणी केलं? त्या दिवशी मला कळलं, आधी इचारावं, कुठून आलं. कुणीच वाईट चिंतलं न्हाई तरी वाईट होतं, अन् ते वरून खाली येतं, अन् खाली जो उभा असतो त्याच्या अंगावर येतं. अन् दुसरं हे की आम्ही कागद बंद करतो तवा आमचं काम संपतं. ज्याच्यावर बोट ठिवलेलं असतं, त्याचं संपत न्हाई. तळ्याचं पाणी वर्षात निवळलं. लोकांच्या नजरेला किती वर्षं लागली, का लागलीच न्हाई, ते मला ठाऊक न्हाई.

नंतर माझी बदली झाली. लेक मोठी झाली, मायकडंच वाढली, मला आईच म्हणते, पण मायला म्हणायची तसं न्हाई. मी पिन्शनीत निघाले. त्या गावाला परत जाणं झालंच न्हाई. ती बाई असली तर माझ्याएवढीच म्हातारी झाली असंल. कधी दुपारी पडल्या पडल्या वाटतं, जावं, फाट्यावर उतरावं, हळूहळू कोसभर चालावं, अन् तिच्या दारात बसून तिला इचारावं, पाळूवर जाते का गं आता? ती व्हय म्हणली तर तिला म्हणावं, चल मंग, मलाबी घेऊन चल.